असईहून परत आलेला घोडेस्वार



गेल्या दसऱ्याला आपल्या ग्रुपवर घरोघरच्या शस्त्रपूजेचे फोटो आले होते. कुणाकडे तलवार, कुणाकडे कट्यार, एका घरी तर नुसती म्यानच. आणि प्रत्येक फोटोखाली एक ओळ होतीच, की आमचे मूळ पुरुष महादजींबरोबर आले किंवा दौलतरावांबरोबर आले. मीही आमच्या देवघरातल्या तलवारीचा फोटो टाकला होता आणि खाली लिहिलं होतं, "असईच्या लढाईत चाललेली तलवार." पंच्याहत्तर जणांनी नमस्काराचे हात पाठवले. आज ती ओळ थोडी दुरुस्त करायची आहे. लिहिणं लांबलं आहे, तेव्हा चहा घेऊन बसा.

ही दुरुस्ती मला सुचली ती इंग्लंडात, आणि तीही एका खेळामुळे.

ही गेली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात लेक मला नॉटिंगहॅमला घेऊन गेली. लष्करच्या मे महिन्यातून एकदम तिथल्या मे महिन्यात, म्हणजे अंगात स्वेटर. जावई आणि लेक दिवसभर कामावर. घरात मी आणि शाळेतून चार वाजता येणारा नातू. वय वर्षं पंधरा. त्याला मराठी समजतं सगळं, बोलताना मात्र क्रियापदं कुठेही पडतात. पहिले आठ दिवस आम्ही दोघं एकमेकांकडे पाहुण्यासारखे बघत होतो. मग एका रविवारी तो म्हणाला, "आजोबा, तुम्ही बँकेतले ना? आकडे आवडतात ना तुम्हाला? चला मग."

एका हॉलमध्ये दहाबारा टेबलं मांडलेली. त्यांवर हिरवं कापड, लोकरीच्या टेकड्या, निळ्या रंगाच्या पट्टीची नदी, आणि बोटाच्या पेरापेक्षा लहान शिशाचे सैनिक. प्रत्येकाची ढाल रंगवलेली, प्रत्येक घोड्याला लगाम. भोवती माझ्या वयाची माणसं वाकून, चष्मे नाकावर ओढून फूटपट्टीनं अंतरं मोजत होती. आपण लहानपणी दिवाळीत अंगणात किल्ला करायचो, त्यावर मातीचे मावळे ठेवायचो, त्याची आठवण झाली. फरक एवढाच, की आपले मावळे नुसते उभे असायचे. हे लढतात, मागे सरतात, पळतात, मरतात, आणि त्या प्रत्येक गोष्टीला लेखी नियम आहे.

ह्या खेळांचा इतिहास नातवानं बसमध्येच ऐकवला होता. मूळ आपल्याच चतुरंगात, हत्ती, घोडा, रथ, पायदळ. पण बुद्धिबळात प्यादं वजीर मारू शकतं, चाल पोचली की झालं. खऱ्या लढाईत तसं नसतं, म्हणून प्रशियातल्या रायसविट्झ नावाच्या माणसानं १८१२ मध्ये राजासाठी लढाईचा खेळ बनवला, आणि त्याच्या मुलानं १८२४ मध्ये तो नकाशावर, फाशांनिशी सैन्यातल्या अधिकाऱ्यांसाठी बेतला. एच. जी. वेल्सनं १९१३ मध्ये खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईवर पुस्तकच लिहिलं. आणि १९९० मध्ये फिल बार्कर वगैरे मंडळींनी एक अगदी छोटी नियमावली काढली. नाव लॅटिन, डी बेलिस अँटिक्विटाटिस. सगळे तिला डीबीए म्हणतात. तिची तिसरी आवृत्ती २०१४ साली आली, पण नातवाकडे जुनी होती, आम्ही तीच खेळलो. पुढचे आकडे त्या जुनीतले आहेत, जाणकारांनी भांडू नये.

मी ती पुस्तिका रात्रीत वाचली. खरं सांगतो, बँकेच्या कुठल्याही परिपत्रकापेक्षा सुबक.

प्रत्येक बाजूला बारा पट्ट्या. एका पट्टीवर जड पायदळाचे चार जण, घोडदळाचे तीन, हलक्या घोडदळाचे दोन, हत्ती एकटा. सैनिक कोणत्या देशाचा, कोणत्या शतकाचा, ह्याला पुस्तिका फारशी किंमत देत नाही. तो लढतो कसा, एवढंच ती विचारते. तलवारीनं अंगावर जाणारं पायदळ म्हणजे 'ब्लेड', मग ते रोमन असोत नाहीतर जपानी. खांद्याला खांदा लावून भाले रोखणारे 'स्पिअर'. धनुष्यवाले वेगळे. गोफणी आणि फेकायचे भाले घेऊन सुटे धावणारे वेगळे. पोलाद घातलेला युरोपातला सरदार आणि आपल्या प्राचीन सैन्यातला जड रथ हे दोघं एकाच खान्यात, 'नाइट' म्हणून, कारण दोघंही सरळ धडक मारतात. कर्णाला नाइट म्हटल्याचं मला हसू आलं, पण विचार केल्यावर पटलं.

आता प्रत्येक प्रकाराला दोन आकडे, एक पायदळाविरुद्ध, एक घोड्यावरच्याविरुद्ध. ब्लेड पायदळापुढे ५, घोडेस्वारापुढे ३. नाइट पायदळापुढे ३, घोडेस्वारापुढे ४. धनुर्धारी पायदळापुढे २ पण घोडेस्वारापुढे ४. हलकं घोडदळ दोन्हीकडे २, म्हणजे बिचारं. दोन पट्ट्या भिडल्या की दोघांनी एकेक फासा टाकायचा, त्यात आपला आकडा मिळवायचा. बाजूला शत्रूची पट्टी कड दाबून उभी असेल तर १ वजा. चिखल, जंगल, टेकडी ह्यांची वजाबाकी-बेरीज निराळी. मग तुलना. समोरच्याच्या निम्मे किंवा कमी झाले तर बहुतेक वेळा खेळ खलास. नुसते कमी झाले तर सहसा मागे सरकायचं.

त्यातला 'सहसा' महत्त्वाचा. तिथेच सगळी गंमत आहे.

माझी पहिली लढाई हॉलमधल्या एका निवृत्त रेल्वेवाल्या गृहस्थांशी झाली. थर्मासमधून मला चहा दिला आणि पंधरा मिनिटांत माझं रोमन पायदळ झोपवलं. मी कागदावर मांडलं होतं, माझे ब्लेड घोडेस्वारापुढे ३, त्यांचे नाइट पायदळापुढे ३. बरोबरी. मग हरलो कसा? ते हसून म्हणाले, पुढचं पान वाचा. पुढच्या पानावर होतं की ब्लेड मोकळ्या मैदानात नाइटकडून एका गुणानं जरी हरले तरी मागे सरत नाहीत, नष्ट होतात. नाइट हरले तर फक्त मागे सरतात. रात्री मी छत्तीसच्या छत्तीस शक्यता मांडल्या, सवयच आहे. छत्तीसपैकी १५ वेळा ब्लेड मरतात, नाइट फक्त २ वेळा. आकडे सारखे, पण हरल्यावर काय होतं ते सारखं नाही. आम्ही कर्ज देताना हेच तर बघायचो. नफा दोघांना सारखाच दिसतो. बुडाल्यावर कोण किती बुडतो, हा खरा प्रश्न.

हत्तीचंही तसंच. आकडा भारी. पण गोफणवाले आणि भालाफेके, ज्यांना इतर कुणी विचारत नाही, ते जिंकले की हत्ती मेलाच. पोरसाच्या हत्तींचं झेलमकाठी इ. स. पू. ३२६ मध्ये काय झालं ते शाळेत वाचलं होतं, त्यातली गोम सत्तरीनंतर कळली.

पण मी जीव लावला तो हलक्या घोडदळाला. दोन्हीकडे २. कुणासमोरही उभं राहण्याच्या लायकीचं नाही. त्याला एक सवलत आहे, शत्रूपासून लांब असलं तर एकाच पाळीत पुन्हा पुन्हा चाल करता येते, म्हणजे बघता बघता पिछाडीला. आणि दुसरी, मला फार आवडलेली. तलवारवाल्या किंवा भालेवाल्या पायदळाकडून निम्म्यानं मार खाल्ला तरी मोकळ्या रानात हे घोडदळ मरत नाही. पळतं. बाकीचे त्या जागी मरतात, हे पाठ फिरवून दूर जातं आणि दोन पाळ्यांनी परत येतं.

आणि नाइट? हलकं घोडदळ नाइटशी जिंकलं की नाइट मागे सरत नाही, मरतो. मी पुन्हा छत्तीस शक्यता मांडल्या. एकास एक भिडले तर नाइट ६ वेळा मरतो, हलकं घोडदळ ९ वेळा. तोट्याचा सौदा. पण नाइटच्या दोन्ही कडा आपल्या लोकांनी दाबल्या, त्याचे २ वजा झाले, की नाइट १५ वेळा मरतो आणि आपण फक्त ४ वेळा. तेव्हा मी खुर्चीवरून उठून फेऱ्या मारल्या. लेकीनं विचारलं, "बाबा, बरं वाटत नाही का?" तिला काय सांगणार, की गनिमी कावा मला कागदावर सुटला म्हणून.

पुढचे तीन रविवार मी फक्त हलक्या घोडदळाची सैन्यं घेऊन खेळलो आणि त्यांतले दोन जिंकलो. रेल्वेवाले मला बघून भुवई उडवायला लागले.

मग नातवाच्या डोक्यात आलं, आपण मराठ्यांची लढाई खेळू. डीबीए इ. स. १५०० च्या आसपास संपते, तेव्हा घरचे नियम करायचे ठरले. कोणती लढाई, ह्यावर मी एका क्षणात म्हटलं, असई.

आपल्यापैकी ज्यांना माहीत आहे त्यांनी दोन परिच्छेद सोडून द्यावेत. २३ सप्टेंबर १८०३. आजच्या जालना जिल्ह्यात केळणा आणि जुई ह्या दोन नद्यांच्या बेचक्यात असई गाव. एका बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले, दुसऱ्या बाजूला कंपनीचा आर्थर वेलस्ली, जो पुढे वेलिंग्टन झाला. आपल्याकडे दहा हजारांवर कवायती पायदळ, शंभराच्या आसपास तोफा, आणि घोडदळ तीसचाळीस हजार तरी. आपल्या लष्करात जो कंपू भाग आहे, नळाला पाणी नाही म्हणून आपण ज्याला रोज शिव्या देतो, त्याचं नावच ह्या कवायती पलटणींवरून. महादजींनी सॅव्हॉयच्या द बॉयनला नोकरीत ठेवून ते कंपू उभे केले. असईला त्यांचा प्रमुख होता पोलमन, हॅनोव्हरचा, एकेकाळचा कंपनीचाच सार्जंट. शिंदे आणि भोसले स्वतः त्या सकाळी रणावरून निघून गेले होते.

वेलस्लीला वाटाडे सांगत होते की पुढे उतार नाही. त्यानं दुर्बिणीतून नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावं पाहिली, पिंपळगाव आणि वरूड, आणि ताडलं की दोन गावं अशी समोरासमोर आहेत म्हणजे मध्ये उतार असणारच. उतार होता. तो बगलेवर आला. पोलमननं भर लढाईत आपली अख्खी फळी फिरवून त्याच्यासमोर उभी केली, जे फक्त उत्तम कवायत असलेल्या पायदळालाच जमतं. तोफांनी कंपनीची दाणादाण उडवली. ७४ वी पलटण वाट चुकून असई गावाच्या तोफांपुढे गेली आणि तिचा जवळजवळ प्रत्येक अधिकारी मेला किंवा जखमी झाला. तिच्यावर आपल्या घोडदळाच्या एका भागानं हल्लाही केला, तेव्हा १९ व्या ड्रॅगून्सनी येऊन तिला सोडवलं. आपले गोलंदाज तर असे, की मेल्याचं सोंग घेऊन पडले आणि इंग्रज पुढे गेल्यावर उठून त्याच तोफा त्यांच्या पाठीवर डागल्या. संध्याकाळी लढाई आपण हरलो होतो. कंपनीचे दीड हजारांवर मेले, जखमी झाले. वेलिंग्टन म्हातारपणीही वॉटर्लूपेक्षा असईला वर ठेवायचा म्हणतात.

तर आम्ही नातवाच्या खोलीत जमिनीवर चादर अंथरून मांडलं. शिसं नव्हतं, म्हणून पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापल्या, त्यांवर स्केचपेन. नातवानं कंपूच्या पायदळाला आणि कंपनीच्या पायदळाला तेच आकडे दिले. मी बरं म्हटलं. गोलंदाजांना खास नियम, नष्ट झाली तरी फाशावर ५ किंवा ६ आला की तोफ पुन्हा जिवंत. मी खूश. मग त्यानं बाकीच्या घोडदळाची यादी केली आणि समोर लिहिलं, 'हॉर्ड'.

हॉर्ड म्हणजे झुंड. पुस्तिकेत हा शेवटचा प्रकार आहे, शेतावरून पकडून आणलेले, हातात येईल ते घेऊन उभे केलेले लोक.

माझा आवाज चढला. मुलांवर मी कधी ओरडत नाही. मी म्हटलं, "तुला माहीत आहे का, तुझ्या आजीच्या माहेरचे आणि आपल्या घरचेही त्या घोडदळात होते? आपल्या देवघरातली तलवार तिथली आहे. तू त्यांना झुंड म्हणतोस?"

तो घाबरला नाही. त्यानं शांतपणे विचारलं, "पण आजोबा, तीस हजार होते ना? मग ते काय करत होते?"

मला उत्तर देता आलं नाही. म्हणजे उत्तर होतं, पण ते मी साठ वर्षं बाजूला ठेवलेलं होतं.

आमच्या वडिलांनी सांगितलेली गोष्ट अशी. मूळ पुरुष सातारा भागातले शिलेदार. स्वतःचा घोडा, स्वतःची तलवार घेऊन शिंद्यांच्या चाकरीला. असईला लढले, घोडा पडला, पायी परत आले. पुढे दौलतरावांचा तळ १८१० मध्ये ग्वाल्हेरला पडला तेव्हा त्याबरोबर इथे आले, आणि जिथे तळ पडला तेच आपलं लष्कर. ही गोष्ट दरवर्षी दसऱ्याला सांगितली जायची. पण आमचे एक धाकटे काका होते, नोकरी फारशी न टिकलेले, घरात त्यांचं कुणी मनावर घ्यायचं नाही. मी आठवीत असताना त्यांनी मला गच्चीवर हळूच सांगितलं होतं, "घोडा पडला नव्हता. घोड्यावर बसूनच आले. तो घोडा इथे येऊन मेला." मी वडिलांना विचारलं तर थोबाडीत बसली. पुन्हा विचारलं नाही.

चादरीवर ती पुठ्ठ्याची पट्टी पडलेली, समोर हॉर्ड लिहिलेलं, आणि मला ती थोबाडीत आठवली.

मी नातवाला म्हटलं, हॉर्ड खोड. हलकं घोडदळ लिही, दोन्हीकडे २. आणि नियम घाल, की हुकुमाचा फासा ६ पडला तरच त्यांना पुढे सरकता येईल, कारण मालकच निघून गेलेत. त्याला हा नियम पटला. डीबीएमध्ये दर पाळीला एक फासा टाकतात, जितके पडतील तितक्याच तुकड्या हलवता येतात. सेनापतीचं डोकं कितीही चालो, हात फाशाएवढेच. असईला ते हात नव्हतेच.

पण मला रात्री झोप लागली नाही. शिलेदार आणि बारगीर हा फरक पुठ्ठ्यावर कुठेच आला नव्हता. बारगीराचा घोडा सरकारचा. मेला तर सरकार दुसरा देतं. शिलेदाराचा घोडा त्याचा स्वतःचा, बहुधा सावकाराकडून उचल करून घेतलेला. तो मेला की शिलेदाराची शिलेदारी संपली. मग मैदानात तोफांपुढे त्यानं घोडा घालावा कशाला? इंग्रजांनी लिहिलेल्या इतिहासांत मराठा स्वार घोडा वाचवतो म्हणून नाक मुरडलेलं असतं. वेलस्लीच्या ड्रॅगूनचा घोडा कंपनीच्या हिशेबात होता, हे कुणी लिहीत नाही. दोन घोडेस्वार, आकडा २ असो नाहीतर ३, पण एकाचं सगळं भांडवल त्याच्या मांडीखाली आहे. त्याला पुस्तिकेत खाना नाही.

आणि मग मला तो टांगेवाला आठवला. आठवणीत काय कुठून येईल सांगता येत नाही.

१९८३ साल. मी मुरैना जिल्ह्यातल्या एका शाखेत फील्ड ऑफिसर. सरकारी ग्रामीण विकास योजनेत टांगा आणि घोड्यासाठी कर्जं दिलेली. एकाचे मे-जूनचे हप्ते थकले. मी जीप घेऊन गेलो तर भर दुपारी घोडा कडुनिंबाखाली उभा, अंगावर ओलं पोतं, आणि हा बाजेवर. मी विचारलं, टांगा का चालवत नाहीस? तो म्हणाला, "साहब, इस धूप में घोड़ा गिर गया तो किस्त किससे दूँगा?" मी काय लिहिलं माहीत आहे? कर्जदार सक्षम असूनही जाणूनबुजून हप्ते भरत नाही. त्यावेळच्या नियमानं ते बरोबर होतं. वरच्या ऑफिसनं वसुलीची नोटीस काढली, त्यानं घोडा विकला, कर्ज पूर्ण वसूल झालं. माझ्या त्या वर्षीच्या अहवालात वसुलीचा आकडा चांगला आला आणि मला बढतीच्या मुलाखतीला तो उपयोगी पडला. टांगेवाला नंतर स्टँडवर हमाली करायचा. एकदा दिसला होता, त्यानं सलाम केला, मी जीपमधून हात केला.

त्याचं नाव लेजरमध्ये होतं. आता आठवत नाही.

सकाळी नातवाला चहा देताना मी त्याला हे सांगितलं. मराठीत सांगितलं, त्यानं मध्ये मध्ये विचारलं, "हप्ता मीन्स?" "जाणूनबुजून मीन्स?" सांगून झाल्यावर तो बराच वेळ बिस्किट बुडवत बसला. मग म्हणाला, "तुम्हाला नियमात ते नव्हतं ना, घोड्याचं."

मी म्हटलं, होतं की नव्हतं ते मी शोधलं नाही.

आम्ही असई एकूण पाच वेळा खेळलो. मी दर वेळी मराठे. पहिल्यांदा जुईच्या काठावर सपाटून हरलो. दुसऱ्यांदा पोलमनची फळी वेळेवर फिरवली, गोलंदाज दोनदा जिवंत झाले, आणि वेलस्लीच्या चार पट्ट्या गेल्या. बारापैकी चार गेल्या की सैन्य हरलं, बाकीचे आठ जिवंत असले तरी. हाही त्या पुस्तिकेतला शहाणपणाचा भाग, सैन्यं संपून हरत नाहीत, आधीच हरतात. तिसऱ्यांदा मला पहिल्याच पाळीत ६ पडला. घोडदळाच्या चार पट्ट्या मी ७४ व्या पलटणीवर घातल्या, दोन्ही कडा दाबल्या, ती पट्टी उचलून बाजूला ठेवली आणि खोलीत मोठ्यानं ओरडलो. लेक वर धावत आली.

चौथ्या खेळात नातू अचानक थांबला. म्हणाला, "आजोबा, तुमच्या घोड्यांच्या पाच पट्ट्या आहेत. तुम्ही चारच वापरता. ही एक कायम मागे. गेल्या वेळी पण. त्याच्या गेल्या वेळी पण."

मी बघितलं. खरं होतं. सगळ्यात मागे, चादरीच्या कडेला, एक पट्टी होती. दोन घोडे, स्केचपेननं काढलेले, एकाच्या शेपटीवर चहाचा डाग. मी ती पट्टी डागावरून ओळखत होतो, आणि हात तिच्याकडे जातच नव्हता. ६ पडला तरी.

"का?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, "ती मेली तर तू कुठून येणार?"

त्याला आधी कळलं नाही. मग कळलं. तो हसला, आणि मग हसला नाही. पाचव्या खेळात त्यानं स्वतःहून वेलस्लीच्या तोफा त्या कोपऱ्यावर रोखल्या नाहीत, हे मी पाहिलं. बोललो नाही. तो खेळ मी हरलो, ती पट्टी चादरीच्या कडेनं नियमाप्रमाणे पळून गेली.

मी परत आलो त्याला दोन वर्षं झाली. आता तो फोनवर नियम पाठवतो. हल्ली त्यानं शिलेदारासाठी वेगळी ओळ केली आहे : स्वतःचा घोडा असेल तर धडकेआधी फासा टाकायचा, १ किंवा २ आला तर जागेवरून हलायचं नाही, पण मार खाल्ला तर कधीच नष्ट व्हायचं नाही, पळायचं. माझं म्हणणं, १ आला तरच थांबवावं, २ म्हणजे फार झालं. ह्यावर आमचं भांडण चालू आहे. रेल्वेवाल्यांना त्यानं नियम दाखवला, ते म्हणाले ठीक आहे पण हलक्या घोडदळाला आधीच पुष्कळ सवलती आहेत. म्हाताऱ्याला माझे तीन रविवार अजून सलत असावेत.

तर फोटोखालची ओळ. "असईच्या लढाईत चाललेली तलवार" ऐवजी कृपया असं वाचावं : "असईच्या मैदानावरून घरी परत आलेली तलवार." काका गेले १९७९ मध्ये. ही दुरुस्ती खरं तर त्यांची आहे.

आणि एक विनंती. आपल्यापैकी कुणाच्या घरी शिलेदारीचे जुने मोडी कागद असतील, विशेषतः घोडा खरेदीचे, घोड्यावर काढलेल्या कर्जाचे किंवा घोडा पडल्यावर सरकारातून काही भरपाई मिळाल्याचे, तर फोटो पाठवावेत. मला मोडी वाचता येत नाही, पण जनकगंजात एकजण अजून वाचतात. नातवाला भरपाईचा नियम घालायचा आहे, आणि आकडा खरा हवा म्हणतो.